आधी सांगा, आत काय वाहणार?

कोकणातल्या एखाद्या केमिकल एमआयडीसीत, लोट्याला म्हणा किंवा महाडला, सल्फ्युरिक ॲसिडचा टँकर रिकामा होत असतो. ॲसिड ९८ टक्क्यांचं. हातावर थेंब उडाला तर कातडी करपून निघेल. पण ते ज्या पाइपातून टाकीत उतरतं तो पाइप पुष्कळदा साध्या माइल्ड स्टीलचा, कारखान्याच्या बोलीत ‘एमएस’चा असतो. खिडकीचे गज आणि फाटकं ज्या लोखंडाची होतात, त्याच घराण्यातलं हे लोखंड, आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. आता याच ॲसिडमध्ये पाणी मिसळून ते २० टक्क्यांवर आणा आणि त्याच पाइपात सोडा. ॲसिड पातळ झालं म्हणजे पाइपाला त्रास कमी, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो पाइप भराभर खाल्ला जातो.

यामागचं रसायन सोपं आहे. तीव्र ॲसिड लोखंडाला पहिला चावा घेतं तेव्हा पृष्ठभागावर फेरस सल्फेटचा थर तयार होतो. तीव्र ॲसिडमध्ये हा थर जवळजवळ विरघळत नाही, म्हणून दुधावर साय धरावी तसा तो धातूवर धरून राहतो आणि पुढचं ॲसिड लोखंडापर्यंत पोचू देत नाही. पाणी वाढलं की तो विरघळतो आणि संरक्षण संपतं. थर मऊ असल्यामुळे आणखी एक बंधन येतं. ॲसिड पाइपातून जोरात पळालं तर तो खरवडून निघतो, म्हणून अशा लाइनीत वेग सेकंदाला एक मीटरच्या आतच ठेवतात. पावसाळ्याचं दुखणं वेगळंच. तीव्र ॲसिड हवेतली ओल ओढून घेतं. लाइन अर्धवट रिकामी राहिली आणि तोंड उघडं राहिलं, की आतल्या भिंतीवरचं ॲसिड आपोआप पातळ होतं आणि बरोबर त्याच जागी भोक पडतं. ‘लाइन स्वच्छ राहावी’ म्हणून कुणी सद्भावनेने पाणी मारलं तरी परिणाम तोच. शिवाय लोखंड खाल्लं जाताना हायड्रोजन सुटतो. तो आत साठलेला असताना वर वेल्डिंग केलं तर स्फोट होतो.

क्लोरीनची गोष्ट याहून मजेशीर आहे. कोरडा क्लोरीन वायू साध्या तापमानाला एमएसमधून निवांत जातो. ओला क्लोरीन एमएसचा फडशा पाडतो, तिथे टायटॅनियम लागतं आणि ते उत्तम टिकतं. मग एवढा महाग धातू आणलाच आहे तर कोरड्या क्लोरीनलाही तोच टाकू, असं म्हणाल तर टायटॅनियम पेट घेऊ शकतं. अक्षरशः जळतं. त्याच्यावरचा रक्षक ऑक्साइड थर टिकायला थोडं पाणी लागतं, आणि कोरड्या क्लोरीनमध्ये ते नसतं.

म्हणून ‘चांगला पाइप कुठला?’ या प्रश्नाला उत्तर नाही. खरेदी विभागातून तो वारंवार येतो आणि उत्तर म्हणून बहुतेक वेळा ‘एसएस टाकून द्या, कटकट नको’ असं सांगितलं जातं. माझ्या मते पाइपाच्या धंद्यातला हा सर्वांत महागडा सल्ला असावा.

एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील मुळात लोखंडच. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली यांनी क्रोमियम मिसळलेलं न गंजणारं पोलाद केलं, तिथून याची ओळख पक्की झाली. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो. ओरखडा पडला तर हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनने तो पुन्हा भरून येतो. बाजारात ज्याला नुसतं ‘तीनशेचार’ म्हणतात त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ‘तीनशेसोळा’मध्ये वर दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम. नावापुढे ‘एल’ असेल तर कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. हा एल वेल्डिंगसाठी महत्त्वाचा. वेल्डच्या शेजारी धातू ४५० ते ८५० अंशांत तापून राहिला तर कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमांवर जाऊन बसतो, तेवढा पट्टा क्रोमियमला मुकतो आणि नंतर नेमका तिथेच गंजतो.

या थराचा खरा वैरी क्लोराइड. म्हणजे मीठ, खारं पाणी, बोअरचं जड पाणी, हायड्रोक्लोरिक ॲसिड. क्लोराइड थराला सगळीकडून खात नाही, एखाद्या ठिकाणी भेदतं. भेदलेल्या बारीक जागेत ॲसिड साचत जातं आणि भोवतीचा सगळा शाबूत पृष्ठभाग त्या एका खड्ड्यावर विद्युत-रासायनिक दाब आणतो. पाइप बाहेरून लख्ख, आणि एके दिवशी सुईच्या टोकाएवढ्या भोकातून पिचकारी. एमएसचा पाइप निदान कळवतो तरी. तो सगळीकडून झिजतो, तांबूस पाणी येतं, जाडी मोजली तर आकडा दर वर्षी उतरताना दिसतो. एसएसमध्ये जाडी मोजणाऱ्याला सगळं ठीक दिसतं.

दुसरा प्रकार आणखी वाईट. क्लोराइड, ताण आणि सुमारे ६० अंशांच्या वरचं तापमान हे तिघं एकत्र आले की ३०४ आणि ३१६ दोन्हींत झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक भेगा पसरतात. ताण बाहेरून यायलाच हवा असं नाही, वेल्डिंगनंतर धातूत उरलेला पुरतो. क्लोराइडसुद्धा आतल्या द्रवात असायला हवं असं नाही. समुद्राकाठच्या कारखान्यात गरम लाइनीवर इन्सुलेशन असतं, वरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची फट उघडते, पावसाचं आणि खाऱ्या हवेचं पाणी आत झिरपतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. पुढच्या पावसात पुन्हा तेच. दोन-तीन वर्षांत पाण्यात मोजायलाही नको इतकं असलेलं क्लोराइड पाइपाच्या अंगावर घट्ट बसलेलं असतं. भेग बाहेरून आत जाते, आणि इन्सुलेशन सोलल्याशिवाय ती दिसत नाही.

अशा जागी ३०४च्या ऐवजी ३१६ टाकून फारसं साधत नाही. थोडा वेळ मिळतो, इतकंच. खड्डे पडण्याला कोण किती तोंड देतं याचा एक ढोबळ आकडा काढतात: क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमची ३.३ पट, अधिक नायट्रोजनची १६ पट. ३०४चा आकडा १८ ते २०च्या घरात, ३१६चा २५च्या आसपास, आणि डुप्लेक्स २२०५ नावाच्या पोलादाचा ३५च्या आसपास. डुप्लेक्समध्ये दोन जातींची स्फटिकरचना निम्मी-निम्मी असते. त्यामुळे भेगा रोखायलाही ते ३१६पेक्षा कितीतरी सरस ठरतं आणि ताकदही जवळजवळ दुप्पट. निकेल मात्र फक्त पाच टक्के. निकेलचा भाव ज्यांना माहीत आहे त्यांना याचं महत्त्व सांगायला नको: ८ मार्च २०२२ रोजी लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि व्यवहार थांबवावे लागले. त्या आठवड्यात ३१६च्या पाइपाचं कोटेशन द्यायला कोण धजणार होतं?

एसएसचे बळी सगळ्यात जास्त कुठे जातात, तर लाइन सुरू होण्याच्याही आधी. नवी लाइन जोडली, प्रेशर टेस्टला पाणी हवं, जवळ बोअर आहे. पाणी भरलं, टेस्ट पास झाली, सही झाली. मग इलेक्ट्रिकलचं काम रखडलं म्हणून लाइन तशीच पाणी भरून महिनाभर पडून राहिली. खाली साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढले, क्लोराइड होतंच, आणि कारखाना सुरू करायच्या दिवशी तळाच्या बाजूने वेल्डशेजारी गळती. दर्जेदार स्पेसिफिकेशनमध्ये म्हणून एक रुक्ष ओळ असते: टेस्टच्या पाण्यात क्लोराइड ५० पीपीएमच्या आत, टेस्ट झाल्यावर लगेच पाणी काढून लाइन कोरडी करावी. ती ओळ वाचली जात नाही. डेअरीत नेमकी उलट शिस्त दिसते. दुधाच्या लाइनी रोज कॉस्टिकने आणि नायट्रिक ॲसिडने धुतल्या जातात आणि एसएसला काही होत नाही, कारण नायट्रिक ॲसिड तो क्रोमियमचा थर उलट मजबूत करतं. स्वस्त पडतं म्हणून कुणी हायड्रोक्लोरिक आणलं, तर मग बघायला नको.

आता वाफेकडे वळू. इथे एमएसची, नीट सांगायचं तर कार्बन स्टीलची, सद्दी आहे आणि ती रास्त आहे. एक छोटा हिशेब करून पाहा. चार इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर. आत १० बार दाबाची वाफ. दाब गुणिले व्यास, भागिले धातूच्या परवानगीच्या ताणाची दुप्पट, असं सूत्र आहे. ए१०६ ग्रेड बी या नेहमीच्या सीमलेस पाइपाला सुमारे १३८ मेगापास्कल ताण चालतो. १० बार म्हणजे एक मेगापास्कल. उत्तर येतं ०.४१ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही! बाजारात मिळणारा शेड्यूल ४० पाइप मात्र ६.०२ मिलिमीटर जाडीचा असतो. बाकीचं लोखंड कशाला? काही पाइप बनवताना जाडीत साडेबारा टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो म्हणून, काही वाकू नये, पिचकू नये, सपोर्टांमध्ये झोळ पडू नये म्हणून. पण मोठा वाटा गंजाला राखून ठेवलेला असतो. दीड ते तीन मिलिमीटर गंजाच्या नावाने आधीच बाजूला काढायचे, तो किती वर्षांत संपेल त्याचा हिशेब मांडायचा आणि वेळेत पाइप बदलायचा. ‘हा पाइप झिजणार’ हे गृहीत धरून केलेली निवड ही काही कमी प्रतीची निवड नाही. उलट मला ती जास्त प्रामाणिक वाटते.

अशी लाइन बदलताना एसएस टाकलं तर काय होतं? लोखंड तापलं की वाढतं, एसएस त्याहून जास्त वाढतं. १०० मीटरची लाइन ३० अंशांवरून १८० अंशांवर गेली तर कार्बन स्टील सुमारे १८० मिलिमीटर लांबेल, ३०४ सुमारे २६०. जुने लूप, जुने गाइड, जुने अँकर १८०च्या हिशेबाने बसवलेले. वरचे ८० मिलिमीटर जातात फ्लँज उघडण्यात आणि पंपाची नोझल वाकवण्यात. शिवाय वाफेची लाइन आयबीआरच्या म्हणजे भारतीय बॉयलर नियमांच्या कक्षेत येत असेल, तर पाइपासोबत फॉर्म तीन-ए हवाच. कागद नसलेला पाइप कितीही चांगला असो, बॉयलर इन्स्पेक्टर त्याला हात लावणार नाही.

तापमान चढत गेलं की कार्बन स्टीलही थकतं. ४२५ अंशांच्या आसपास दीर्घकाळ ठेवलं तर त्यातला कार्बन ग्रॅफाइट बनून वेगळा पडू लागतो. तिथून पुढे क्रोमियम-मॉलिब्डेनमची पोलादं येतात: पी११, पी२२, आणि मोठ्या औष्णिक वीज केंद्रांच्या मुख्य वाफेच्या लाइनीत पी९१. पी९१मध्ये नऊ टक्के क्रोमियम. त्याची ताकद अफाट, पण ती सगळी उष्णोपचारातून येते. वेल्ड केल्यावर ७६० अंशांच्या आसपास ठरलेला वेळ, ठरलेल्या वेगाने तापवून थंड केलं नाही, तर हातात राहतो तो पी९१चा शिक्का मारलेला पी२२पेक्षाही दुबळा पाइप. इथे धातू निवडताना वेल्डरही निवडावा लागतो.

‘आत नुसतं पाणी आहे’ हे वाक्य ऐकलं की जपानमधलं मिहामा आठवावं. मिहामा अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या युनिटमध्ये ९ ऑगस्ट २००४ रोजी टर्बाइनच्या इमारतीत कार्बन स्टीलचा पाइप फुटला. आत किरणोत्सारी काही नव्हतं. सुमारे १४० अंशांचं अतिशय शुद्ध पाणी होतं. पाच कामगार भाजून दगावले, सहा जखमी झाले. मुळात १० मिलिमीटर जाडीचा पाइप फुटलेल्या जागी दीड मिलिमीटरहून पातळ झाला होता. जागाही नेमकी होती: प्रवाह मोजायच्या ऑरिफिस प्लेटच्या लगेच पुढे, जिथे पाणी घुसळतं. १९७६ पासून ती जागा तपासणीच्या यादीत कधी आलीच नव्हती.

यातला उपरोध असा, की पाइप गंजू नये म्हणून त्या पाण्यातला ऑक्सिजन मुद्दाम काढलेला असतो. लोखंडावर मॅग्नेटाइटचा काळा थर असतो, आणि ऑक्सिजन नसलेल्या शुद्ध, वेगवान पाण्यात तोच विरघळून वाहून जातो. नवा थर बनतो, तोही जातो. उपाय आश्चर्य वाटावं इतका थोडक्यात आहे. पोलादात टक्क्याच्या दहाव्या हिश्शाइतकं क्रोमियम असलं तरी झीज कितीतरी मंदावते, सव्वा टक्का असलं तर जवळपास थांबते.

मिश्रधातूतल्या अशा चिमूटभर गोष्टी कुठवर नेऊ शकतात याचं उदाहरण कॅलिफोर्नियात घडलं. रिचमंडच्या शेव्हरॉन रिफायनरीत ६ ऑगस्ट २०१२ रोजी आठ इंची लाइन फाटली. गरम तेलाच्या वाफेचा ढग पसरला, त्यात १९ कामगार सापडले. ते सगळे निसटले, पण नंतर लागलेल्या आगीच्या धुराने आसपासचे सुमारे १५ हजार लोक दवाखान्यात गेले. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने लाइनीचा फाटलेला तुकडा तपासला. ५२ इंच लांबीच्या त्या तुकड्याची भिंत सरासरी ९० टक्के झिजलेली होती. शेजारचा एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, मात्र बऱ्यापैकी शाबूत. दोन्ही कार्बन स्टीलचे, एकाच लाइनीत, एकाच तेलाखाली. फरक फक्त सिलिकॉनचा: एल्बोत ०.१६ टक्के, फाटलेल्या तुकड्यात ०.०१. गरम तेलातलं गंधक कमी सिलिकॉनच्या पोलादाला कितीतरी वेगाने खातं. ए१०६ या मानकात सिलिकॉन किमान ०.१० टक्के असावं अशी अट आहे, ए५३मध्ये तशी अट नाही. स्टोअरमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलेले असतात आणि सर्रास एकाच्या जागी दुसरा चालतो. आणि जाडी कुठे मोजत होते? एल्बोवर. एल्बो जास्त झिजतो हे सर्वांना माहीत असतं, म्हणून मोजणीच्या खुणा तिथेच असतात. अशा जागी जास्त सुरक्षित ठरतो तो नऊ टक्के क्रोमियमचा पाइप.

हायड्रोजनची कथा याहून जुनी. १९१० च्या आसपास जर्मनीत लुडविग्सहाफेनला कार्ल बॉश अमोनिया बनवण्याची पद्धत कारखान्यात उतरवू पाहत होते. उंच दाब, उंच तापमान, आणि पोलादी नळ्या ८० तासांत फुटत होत्या. गरम हायड्रोजन पोलादाच्या आत शिरून त्यातल्या कार्बनशी संयोग करत होता आणि मिथेन वायू आतच कोंडून भेगा पाडत होता. बॉश यांनी पोलादाला हायड्रोजनशी लढायला लावलंच नाही. आत कार्बन जवळजवळ नसलेल्या मऊ लोखंडाची नळी, बाहेर दाब पेलणारं पोलाद, आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोकं, म्हणजे आतून झिरपलेला हायड्रोजन साठण्याआधी निघून जाईल. अलिबागजवळ थळला आज अमोनिया बनतो तोही याच प्रक्रियेच्या वंशातला. आता पोलादात क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घालून कार्बनला घट्ट बांधून ठेवतात, आणि कुठल्या तापमानाला, हायड्रोजनच्या किती दाबाला कुठलं पोलाद चालेल याचे आलेख तयार मिळतात.

खनिज तेल आणि वायूच्या क्षेत्रात प्रश्न उलटा होतो. वायूत हायड्रोजन सल्फाइड असला, म्हणजे वायू ‘सावर’ असला, तर जितकं कडक पोलाद तितका धोका. कझाकस्तानच्या कशागान क्षेत्रात सप्टेंबर २०१३ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि काही आठवड्यांतच गळतीमुळे बंद पडलं. तिथल्या वायूत हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर. पाइपलाइनीत कडक राहिलेल्या जागी भेगा गेल्या होत्या. समुद्राखालच्या तेलाच्या आणि वायूच्या दोन्ही लाइनींच्या जागी आतून निकेलच्या मिश्रधातूचं अस्तर दिलेले पाइप टाकावे लागले, आणि तेल पुन्हा वाहायला २०१६ चा ऑक्टोबर उजाडला. आपल्याकडे वसईसमोरच्या समुद्रातल्या साउथ बसीनचा वायूही सावर आहे. तो हजिऱ्याला नेऊन शुद्ध केला जातो. अशा कामाला पोलादाची आणि वेल्डची कडकपणाची मर्यादा रॉकवेल सी मापावर २२ धरलेली असते. ‘जास्त मजबूत’ म्हणून कुणी वरचा ग्रेड सुचवला तर इथे त्याला नकार द्यायचा असतो.

तांब्याचं थोडक्यात सांगतो. एसीच्या गॅसला, हॉस्पिटलच्या ऑक्सिजनला तांब्याचा पाइप उत्तम. कोल्ड स्टोरेजमध्ये मात्र थंडाव्यासाठी अमोनिया असेल तर तांबं आणि पितळ दोन्ही वर्ज्य, तिथे पोलादच. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की तडकत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पावसाळी ओल यांचा तो प्रताप होता. समुद्राचं पाणी नेणाऱ्या लाइनींना तांबं-निकेल, वेग फार असेल तर टायटॅनियम, हे ठरून गेलेलं आहे.

इथवर झाली कागदावरची निवड. कागदावरचा धातू आणि फिटरच्या हातातला धातू एकच असेल याची खात्री कोण देणार?

टेक्सास सिटीच्या बीपी रिफायनरीत २००५ सालच्या फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी काही आठ इंची एल्बो काढले आणि पुन्हा लावले. त्यात एक कार्बन स्टीलचा होता, बाकीचे सव्वा टक्का क्रोमियमचे. रंग तोच, आकार तोच, फ्लँजची भोकं जुळणारी. त्यांची अदलाबदल झाली. गरम हायड्रोजनच्या जागी गेलेला कार्बन स्टीलचा एल्बो चालू लाइनीत जेमतेम तीन महिने टिकला आणि २८ जुलैला फुटून आग लागली. मिसूरीतल्या फेस्टस गावी १४ ऑगस्ट २००२ रोजी क्लोरीनच्या टँकरला लावलेली लवचिक नळी फाटली आणि ४८ हजार पौंड, म्हणजे जवळपास २२ टन क्लोरीन हवेत गेला. नळीच्या टेफ्लॉनवरची विणलेली जाळी हॅस्टेलॉय सी-२७६ या निकेलच्या मिश्रधातूची हवी होती. ती ३१६एलची निघाली. दोन्ही जाळ्या शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही.

मुंबईत खेतवाडी, कीका स्ट्रीट, सी. पी. टँक या गल्ल्यांत हव्या त्या ग्रेडचा पाइप आणि फिटिंग मिळतं. तिथे गिऱ्हाईक खिशातून लोहचुंबक काढतं. चिकटलं तर ‘खोटं’, नाही चिकटलं तर ‘असली’. या परीक्षेइतकी फसवी परीक्षा दुसरी नसेल. २०० मालिकेतलं, निकेल वाचवून मँगनीज भरलेलं २०२ चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे ते खुशाल ३०४ म्हणून पास होतं. याउलट थंड अवस्थेत वाकवून बनवलेला अस्सल ३०४चा एल्बो थोडा चिकटतो, आणि बिचारा परत जातो. डुप्लेक्स तर सरळ चिकटतं, त्याची किंमत चुंबकाला काय कळणार? ३०४ आणि ३१६ यांतला फरकही चुंबकाला कळत नाही. त्याला मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या रसायनाचा थेंब लागतो, किंवा पीएमआय गन म्हणून ओळखलं जाणारं एक्स-रेचं हातातलं यंत्र. ते काही सेकंदांत क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनमचे आकडे दाखवतं. पण कार्बन त्या गनला दिसत नाही. म्हणजे ‘एल’ आहे की नाही हे तिला विचारून उपयोग नाही. तिथे ठिणगी पाडून तपासणारं स्पेक्ट्रोमीटर, नाहीतर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट. सर्टिफिकेट बघायचं तर त्यावरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या ओतणीचा क्रमांक, पाइपावर ठोकलेल्या नंबराशी जुळवून बघायचा. एकाच सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवर किती पाइप खपतात हे त्या गल्ल्यांत कुणीही सांगेल.

पाइप कापल्यावर नंबर ज्या टोकावर असतो ते टोक पहिल्यांदा वापरलं जातं आणि उरलेला तुकडा निनावी होऊन रॅकमध्ये जातो. चांगला स्टोअरकीपर कापायच्या आधी नंबर दुसऱ्या टोकावर उतरवून घेतो. तसं झालं नाही तर तो तुकडा पुढे केव्हातरी अर्ध्या इंची ड्रेनच्या किंवा प्रेशर गेजच्या निपलच्या रूपाने बाहेर येतो. मुख्य लाइन टेंडर काढून, तपासून, सर्टिफिकेटसकट आलेली असते. ही निपलं मात्र साइटवर रात्री आठ वाजता, हाताला लागेल त्या तुकड्यातून बनतात. गन भाड्याने दिवसभरासाठीच मिळाली असेल, तर ती आधी या निपलांवर धरावी, मग एल्बोंवर, आणि वेळ उरला तर सरळ पाइपावर.